मुंबईकराच्या उल्का डिसेंबरातल्या

उल्कावर्षावांचं कुठलंही परदेशी वेळापत्रक उघडा, ऑगस्टच्या १२-१३ तारखेला ययाती (पर्सियस) तारकासमूहाचा वर्षाव ठळक अक्षरांत असतो. मुंबईत त्या रात्री गच्चीवर गेलात तर वर्षाव मिळतो, पण पाण्याचा. इथल्या हौशी निरीक्षकाचा हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो, त्याला इलाज नाही.

उल्का म्हणजे काय, हा प्रश्न जुना. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. स्वर्गात पुण्यफळ भोगून झालं की खाली पडणाऱ्यांची रूपं म्हणजे उल्का, असं तो सांगतो. आपणही कुणी मोठा माणूस गेला की ‘तारा निखळला’ म्हणतोच. प्रत्यक्षात तारा जागचा हलत नाही, याचा पुरावा नोव्हेंबर १८३३मध्ये मिळाला. उत्तर अमेरिकेत एका पहाटे उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला आणि सगळ्या सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून फुटल्यासारख्या दिसल्या. म्हणजे कण बाहेरून येत होते. पुढे १८६६च्या सुमारास इटलीच्या शिआपारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाने ययातीच्या उल्कांची कक्षा स्विफ्ट-टटल धूमकेतूशी जुळवून दाखवली. धूमकेतू वाटेत धूळ सांडतो, पृथ्वी त्या वाटेला आडवी जाते, कण जळतात.

मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण १९७७पासून होतंच, पण उघड्यावर रात्र काढायची चटक लागली ती हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत, १९८५-८६च्या आसपास. खगोल मंडळ ही हौशी निरीक्षकांची संस्था त्याच सुमाराची. शहराचे दिवे टाळायला मंडळी कर्जत लाइनवर वांगणी, नेरळला उतरू लागली. सतरंज्या अंथरायच्या, टॉर्चवर लाल जिलेटिन बांधायचं, चौघांनी चार दिशा वाटून घ्यायच्या. दिसली की ओरडायचं, पाचव्याने वहीत रेघ मारायची. पहाटे दवाने पानं अशी ओली होतात की बॉलपेन उठत नाही, म्हणून पेन्सिल बरी.

या पिढीची मोठी फसगत सिंहेच्या उल्कांनी केली. त्यांचा जनक धूमकेतू टेंपल-टटल ३३ वर्षांनी येतो, त्यामुळे १९९९वर सगळ्यांची नजर. वादळ आलंही, तासाला हजारोंच्या दराने, पण १८ नोव्हेंबरला आपल्या घड्याळात सकाळचे साडेसात झाले होते. सिंह नेमका डोक्यावर होता आणि सूर्यही उगवलेला.

मिथुनेच्या उल्का असा दगा देत नाहीत. १३-१४ डिसेंबरच्या या वर्षावाची नोंद १८६२पासूनची, मात्र त्याचा धूमकेतू काही सापडेना. १९८३मध्ये आयरास उपग्रहाच्या निरीक्षणांतून फेथन हाती लागला, तर तो निघाला लघुग्रह, सूर्याजवळून जाताना बुधाच्याही आत शिरणारा. त्यातून एवढी धूळ कशी सुटते, यावर अजून खल चालू आहे.

आपल्याला मात्र वेळ सोयीची पडते. सिंहेसाठी मध्यरात्र उलटावी लागते. मिथुनेतला उद्गमबिंदू, म्हणजे उल्का जिथून फुटल्यासारख्या दिसतात ती जागा, मुंबईत रात्री आठच्या आधीच उगवतो आणि अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे जेवून दहाला आडवं झालं तरी चालतं. वेगही सेकंदाला ३५ किलोमीटर, सिंहेच्या ७१च्या निम्मा. शेजारच्याला कोपर मारून ‘अरे, ती बघ’ म्हणेपर्यंत एखादी टिकतेसुद्धा.