बॉम्बे हायचा चुनखडक

जांभ्याच्या कोरड्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं की चिरा ते बघता बघता पिऊन टाकतो. मुंबईच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात तेल कसं साठलंय, हे कोकणातल्या माणसाला समजवायला याहून सोपा दाखला मला सापडलेला नाही. अनेकांना वाटतं तसं समुद्राखाली तेलाचं तळं नाही. तेल आहे ते दगडाच्या बारीक छिद्रांत. फक्त तिथला दगड जांभा नव्हे, चुनखडक आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले आणि आपला काळा कातळ तयार झाला. पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला. त्या ताणात किनाऱ्यालगतची जमीन तडकली. काही पट्टे खचले, काही उंच राहिले. पनवेलच्या परिसरात कातळाचे थर समुद्राकडे कललेले दिसतात, ते या उलथापालथीमुळेच. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर राहिलेला असाच एक उंचवटा म्हणजे बॉम्बे हाय. त्याची पूर्वेकडची बाजू मोठ्या प्रस्तरभंगाने, म्हणजे खडक तडकून सरकल्याने, तुटलेली आहे.

भोवतालच्या खोलगट भागांत सेंद्रिय गाळ गाडला गेला, तापला आणि त्यातून तेल सुटलं. उंचवट्यावर मात्र मायोसीन काळात, म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, उथळ, नितळ समुद्र होता. नद्यांचा चिखल तिथवर फारसा पोचत नव्हता, म्हणून सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुना थरांनी साचत गेला. मधूनमधून समुद्र ओसरे, चुनखडक उघडा पडे आणि पावसाचं पाणी त्यात छिद्रं पाडी. शेवटी चिखल आलाच, आणि त्याचंच वरचं झाकण झालं. यात एखादा क्रम जरी चुकला असता, तरी तेल निसटलं असतं किंवा साठलंच नसतं.

साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपतरंग सर्वेक्षणात हा उंचवटा दिसला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या फलाटाला तेल लागलं आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. पुढे नळातून तेल उरणला येऊ लागलं.

‘एल-तीन’ हा तिथला मुख्य साठा. तो एकसंध नाही. चुनखडकाच्या थरांमध्ये शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचे, पातळ पापुद्रे आहेत. खरी अडचण इथे आहे. तेल ढकलायला विहिरीतून समुद्राचं पाणी आत सोडतात, तेव्हा ते मोकळ्या थरातून सरळ पुढे निघून जातं आणि शेजारच्या घट्ट थरातलं तेल जागच्या जागी राहतं.