ट्राउटची स्पिनिंग मासेमारी

थंड व वाहत्या गोड्या पाण्यातला ट्राउट मासा हलका रॉड, स्पिनिंग रीळ आणि पाण्यात गरगरणारे धातूचे आमिष वापरून गळाने धरण्याची पद्धत. मुंबईत आणि सह्याद्रीच्या नद्यांत ट्राउट नाही. त्याला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे, भरपूर प्राणवायू असलेले पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की तो खाणे सोडू लागतो. तरीही समुद्रावर गरवायला जाणाऱ्या मुंबईकराला ही पद्धत लवकर जमते, कारण रीळ आणि फेक यांची निम्मी ओळख त्याला आधीच असते. उरलेली निम्मी मात्र त्याला नव्याने शिकावी लागते.

ट्राउट भारतातला मूळचा नव्हे. ब्रिटिश अमदानीत तपकिरी ट्राउटची अंडी बाहेरून आणून १९०० मध्ये काश्मीरमध्ये यशस्वीपणे उबवण्यात आली. पुढे कुलू खोऱ्यातही तो सोडला गेला, आणि निलगिरी व मुन्नारच्या उंच ओढ्यांत इंद्रधनुषी ट्राउट रुजला. मुंबईहून जाणाऱ्यांचा ओढा बहुधा हिमाचलकडे असतो. चंडीगढ-मनाली रस्त्यावरील औटजवळून तीर्थन आणि सैंज या बियासच्या उपनद्यांची खोरी फुटतात. मंडी जिल्ह्यातील बरोटची उहल नदीही ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे. या पाहुण्या माशाच्या वाढीचा भार ‘असेला’ या हिमालयातल्या मूळच्या माशांवर पडला आहे, हे ट्राउटच्या कौतुकात विसरता कामा नये.

या पद्धतीचा जीव रिळात आहे. स्पिनिंग रिळाची फिरकी फेकीच्या वेळी जागची हलत नाही. तंगूसाचा दोरा तिच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटत जातो, म्हणून अगदी हलके आमिषही दूर जाते आणि गुंता कमी होतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये अशा रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटताना पाहून ही रचना सुचली, असे सांगतात. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नाही.

वरळी, वांद्रे किंवा मढच्या खडकांवरून रावस, जिताडा, तांबोशी यांच्यासाठी वापरला जाणारा नऊ-दहा फुटी रॉड ट्राउटला निरुपयोगी आहे. तो तीन ग्रॅमचे आमिष फेकूच शकत नाही, आणि एवढ्या जाड दोऱ्याला नितळ पाण्यातला ट्राउट बुजतो. नवशिक्याने साडेपाच ते सात फुटांचा हलका, टोकाला लवचीक रॉड, १००० ते २५०० क्रमांकाचे, म्हणजे लहान आकाराचे रीळ आणि चार ते सहा पौंडी (तेवढा ताण सोसणारा) दोरा घ्यावा. आमिष म्हणून ० ते २ क्रमांकाचे स्पिनर पुरतात. यांत तारेभोवती पितळी किंवा चंदेरी पाते फिरते. फ्रान्समध्ये १९३८ मध्ये सुरू झालेल्या मेप्स कंपनीचे स्पिनर आजही सर्वत्र दिसतात. दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून मध्ये छोटी फिरती कडी लावावी. तीन तोंडांच्या गळाऐवजी एकेरी, टोकाजवळचा उलटा काटा दाबलेली गरी (गळाचा आकडा) वापरणे उत्तम.

खरी विद्या पाणी वाचण्याची. मुंबईचा गरवणारा भरती-ओहोटी बघतो, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) याचा हिशेब ठेवतो. नदीत वेळापत्रक नाही, जागा आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो, पण ताकद वाचवण्यासाठी वेगाच्या धारेत उभा राहत नाही. मोठ्या धोंड्याच्या पुढचे व मागचे संथ पाणी, वेगवान आणि मंद धार जिथे घासून जातात ती रेघ, धबधबी उतारानंतरचा डोह आणि काठाखालची पोखर या त्याच्या जागा. तिथे उभे राहून तो वाहत येणारे किडे आणि लहान मासे टिपतो. म्हणून माणसाने प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून, सावली पाण्यावर न पाडता जावे. फेक वरच्या अंगाला तिरपी टाकावी आणि स्पिनर प्रवाहापेक्षा किंचित जास्त वेगाने ओढावा. पाते फिरत असेल तर रॉडच्या टोकाला बारीक थरथर जाणवते. ती थांबली की ओढण्याचा वेग कमी पडला, किंवा पात्यात शेवाळ अडकले. एकाच जागी वीस वेळा फेकण्यापेक्षा तीन-चार फेकींनंतर पुढे सरकावे. पहिली नेमकी फेकच बहुतेकदा मासा देते.

ही नेमकी फेक मुंबईतच शिकून घ्यावी. सकाळच्या रिकाम्या मैदानात, गरी काढून, नुसते वजन बांधून जमिनीवर ठेवलेल्या टोपलीत टाकण्याचा सराव करावा. दूर फेकण्याची समुद्रावरची सवय इथे मोडावी लागते, कारण डोंगरी नदीत दहा-पंधरा मीटर पुरे होतात. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू देणारा ब्रेक, दोऱ्याच्या ताकदीच्या सुमारे चौथाई ते तिहाईवर ठेवावा, म्हणजे मासा पळाला तर दोरा तुटण्याऐवजी सुटत जाईल.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग जडतो. त्याला पाण्यातच धरून, तोंड धारेकडे ठेवून, तो स्वतः निघेपर्यंत थांबावे. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही ट्राउटची विणीची वेळ असल्याने मासेमारी बंद असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ असते. मार्च ते जून आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस योग्य. राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा लागतो. किती आणि किती लांबीचे मासे ठेवता येतील, हे त्याच्या अटींत दिलेले असते.