बिझनेस आणि फर्स्ट क्लासमधल्या अवॉर्ड जागा मोजक्याच का? पार्श्वभूमी

माइल्स म्हणजे विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाला देते ते गुण, आणि ते वटवून मिळणारी जागा ती अवॉर्ड जागा. माइल्सवर मिळणाऱ्या महागड्या वर्गातल्या जागांवरची मर्यादा माइल्स योजनांइतकी जुनी नाही. आजच्या धाटणीची पहिली मोठी योजना १९८१च्या मे महिन्यात अमेरिकेत आली. काही दिवसांतच प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापल्या योजना काढल्या. त्या काळात बक्षीस म्हणून फर्स्ट क्लासचं तिकीट किंवा अपग्रेडच पुढे केलं जाई. हिशेब सरळ होता. विमान उडणारच आहे, जागा रिकामी जाणार आहे, तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकाला बसवलं तर खर्च जेवणाचा आणि थोड्या इंधनाचा. किती जागा द्यायच्या याची फार चिंता कोणी केली नाही.

हा हिशेब दोन कारणांनी बिघडला. पहिलं कारण दलाल. सुरुवातीच्या योजनांत बक्षिसाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येई. लोकांकडून ही कूपनं विकत घ्यायची आणि फर्स्ट क्लासचं पूर्ण भाडं भरू शकणाऱ्या प्रवाशाला निम्म्याहून कमी किमतीत विकायची, असा धंदा उभा राहिला. म्हणजे रिकामी राहणारी जागा भरत नव्हती, भाडं देणारा प्रवासी फुकटच्या रांगेत जात होता. कंपन्यांनी दलालांवर खटले भरले आणि हस्तांतरणावर बंधनं घातली, पण धडा पक्का झाला: फर्स्ट क्लासची फुकट जागा इकॉनॉमीच्या फुकट जागेपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करू शकते. दुसरं कारण १९८८चं. त्या वर्षी एका कंपनीने तिप्पट माइल्स देऊ केले, बाकीच्यांनाही तेच करावं लागलं आणि बाजारात माइल्सचा पूर आला. हे माइल्स कधीतरी वटवले जाणार होते, आणि त्यांच्यामागे तेवढ्या जागा नव्हत्या.

त्याच वर्षी सर्वांत मोठ्या योजनेने दोन बदल केले. एका फ्लाइटवर माइल्सवाल्यांना मिळणाऱ्या जागांची संख्या मर्यादित केली, आणि गर्दीच्या ठरावीक तारखांना बक्षिसाचं तिकीट बंद केलं, ज्याला ब्लॅकआउट म्हणतात. पुढे कमावल्या जाणाऱ्या माइल्सना हे नियम लागू करायला सभासदांचाही आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो आधीच कमावलेल्या माइल्सना मागे जाऊन नियम लावण्यावर. इलिनॉय राज्यात सामूहिक दावे दाखल झाले आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल लागला १९९५च्या जानेवारीत.

हा निकाल नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्यावर उभं आहे. १९७८च्या विमानवाहतूक निर्बंधमुक्ती कायद्यात एक कलम आहे: विमान कंपन्यांचे दर, मार्ग किंवा सेवा यांच्याशी संबंधित कायदे राज्यांना करता येणार नाहीत. राज्याच्या न्यायालयाचं म्हणणं होतं की माइल्स योजना हा कंपनीच्या मुख्य कामाचा भाग नाही, तो जोडधंदा आहे, म्हणून हे कलम तिला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आणि दुय्यम असा फरकच अमान्य केला. माइल्स ही तिकिटाची एक प्रकारे किंमत, म्हणून ती 'दर' झाली. फ्लाइटमध्ये जागा मिळणं, वरच्या वर्गात बसता येणं आणि त्यावरची मर्यादा या 'सेवा' झाल्या. परिणाम असा की राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्याखालचा दावा संपला. मात्र कराराचा भंग झाला असा दावा सभासद करू शकतात, हे न्यायालयाने मान्य केलं. कारण करार ही कंपनीने स्वतःहून घेतलेली जबाबदारी, राज्याने लादलेला नियम नव्हे.

वरवर पाहता हा निम्मा-निम्मा निकाल दिसतो. प्रत्यक्षात मात्र पारडं कुठे झुकलं ते स्पष्ट आहे. करारच लागू असेल, तर करार लिहिणारा जिंकतो, आणि करार कंपनी लिहिते. त्यानंतर योजनेच्या नियमावलींत 'कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेने किंवा त्याविना' अशा धाटणीची वाक्यं पक्की बसली, आणि 'जागा मर्यादित असून प्रत्येक फ्लाइटवर उपलब्ध असतीलच असे नाही' हे वाक्य सर्रास झालं. २०१४मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक दार बंद केलं. करारात सचोटीने वागण्याची जी गर्भित जबाबदारी राज्याचा कायदा धरून चालतो, तिच्या आधारेही माइल्स योजनेविरुद्ध दावा करता येणार नाही, असं ठरलं. ती जबाबदारी पक्षकारांना करारातून वगळण्याची मुभा नसेल तर ती राज्याने लादलेली ठरते, म्हणून. हा निकाल अमेरिकेपुरता, पण सवय जगभर पसरली.

आता मर्यादा ठरते कशी ते. विमानातल्या जागा बुकिंग यंत्रणेत अक्षरांच्या खान्यांत विभागलेल्या असतात. प्रत्येक भाडंप्रकाराला एक अक्षर, आणि अवॉर्डलाही वेगळं अक्षर. विमान कंपन्यांच्या एका मोठ्या आघाडीत बिझनेसच्या अवॉर्डचा खाना 'आय', फर्स्टचा 'ओ' आणि इकॉनॉमीचा 'एक्स'. खान्यात शून्य असेल तर जागा नकाशावर कितीही मोकळी दिसो, माइल्सवर ती मिळत नाही. सभासदांचे सर्वाधिक वाद इथेच होतात: सीट मॅपवरची मोकळी खुर्ची म्हणजे उपलब्धता नव्हे, खान्यातला आकडा म्हणजे उपलब्धता.

आकडा ठरवण्यामागचं गणित १९७२मध्ये एका ब्रिटिश विमान कंपनीत मांडलं गेलं. स्वस्त प्रवाशाला जागा द्यायची की महाग प्रवाशाची वाट पाहायची, तर महाग भाड्याला ती जागा विकली जाण्याच्या शक्यतेने गुणायचं आणि स्वस्त भाड्याशी ताडून पाहायचं. समजा बिझनेसचं पूर्ण भाडं १०० एकक आहे आणि शेवटची राहिलेली जागा विकली जाण्याची शक्यता २५ टक्के आहे. तिची अपेक्षित किंमत २५. भागीदार योजनेकडून, म्हणजे ज्या दुसऱ्या कंपनीचे माइल्स प्रवासी वटवतो तिच्याकडून, अवॉर्ड प्रवाशामागे २० भरपाई मिळत असेल, तर खाना बंद. सुटायला काही दिवस उरले आणि शक्यता १० टक्क्यांवर आली, की किंमत १०, आणि खाना उघडतो. इकॉनॉमीत हाच हिशेब सौम्य असतो, कारण भाडं आणि भरपाई यांतली दरी लहान असते. बिझनेसमध्ये दरी मोठी, आणि ज्यांच्याकडून पूर्ण भाडं येतं ते कंपनी खर्चाने फिरणारे लोक उशिरा बुकिंग करतात. म्हणून त्यांच्यासाठी राखलेल्या जागा शेवटपर्यंत धरून ठेवल्या जातात.

यातून ओळखीचा वेळापत्रकी नमुना तयार होतो. वेळापत्रक बुकिंगसाठी उघडतं तेव्हा, म्हणजे साधारण ३३० ते ३६० दिवस आधी, काही कंपन्या एक-दोन जागा टाकतात. मग कित्येक महिने शुकशुकाट. शेवटच्या दोनेक आठवड्यांत, विक्री अंदाजापेक्षा मागे पडली असेल तर, अचानक जागा सुटतात. एक युरोपीय कंपनी फर्स्ट क्लासच्या जागा भागीदारांना बराच काळ अगदी शेवटच्या पंधरवड्यातच देत आली. दुसरी एक कंपनी फर्स्ट फक्त स्वतःच्या वरिष्ठ दर्जाच्या सभासदांनाच देते. उलट, एका ब्रिटिश कंपनीने २०१५पासून प्रत्येक फ्लाइटवर किमान ठरावीक अवॉर्ड जागांची हमी दिली, बिझनेसच्या २ आणि नंतर लांब पल्ल्यावर ४. हमी आली तशी या जागांसाठीची झुंबडही ठरल्या वेळेला होऊ लागली; वेळापत्रक उघडताच लोकप्रिय मार्गांवरच्या जागा काही मिनिटांत संपतात.

अडचणी कुठे येतात? एक, शोधयंत्र जुना साठवलेला आकडा दाखवतं आणि तिकीट काढायला गेल्यावर जागा नसते. याला फँटम जागा म्हणतात. माइल्स दुसऱ्या योजनेत हलवण्याआधी फोनवर किंवा दुसऱ्या भागीदाराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहणं हाच इलाज, कारण हलवलेले माइल्स परत येत नाहीत. दोन, काही फ्लाइटचा खाना एकट्या टप्प्यासाठी बंद असतो पण जोडफ्लाइटसह शोधल्यास उघडा असतो, किंवा उलट. कारण यंत्रणा पूर्ण प्रवासाची किंमत लावते, टप्प्याची नाही. म्हणून जागा दिसत नसेल तर प्रवास पूर्ण ठेवून आणि तोडून, दोन्ही प्रकारे शोधावं. तीन, विमान बदललं की मोठ्या विमानाचे अवॉर्ड खाने आपोआप उघडत नाहीत. कोणीतरी ते नव्याने भरावे लागतात.

मर्यादा आणखी आवळली ती २००० नंतर. बिझनेसमध्ये पूर्ण सपाट पलंगासारख्या खुर्च्या आल्या, तेवढ्या जागेत बसणारे प्रवासी कमी झाले, आणि आजच्या मोठ्या विमानात फर्स्टच्या जागा बहुधा ४ ते ८ असतात. त्यातच अपग्रेड पैशांनी विकायला सुरुवात झाली. पूर्वी सभासदाला फुकट मिळणारी रिकामी जागा आता चेक-इनच्या पडद्यावर विक्रीला असते, म्हणून 'रिकामी जागा' या गृहीतालाच धक्का बसला.

दुसऱ्या बाजूला माइल्स छापण्याचा वेग वाढत गेला. १९८७मध्ये पहिल्या मोठ्या योजनेचं बँकेच्या भागीदारीतलं क्रेडिट कार्ड आलं, आणि माइल्स उडण्यापेक्षा खरेदीतून जास्त जमू लागले. बँका कंपन्यांना माइल्सची रोख किंमत देतात. २०२०-२१च्या टाळेबंदीत तीन अमेरिकी कंपन्यांनी आपापल्या योजना तारण ठेवून ६.८, ९ आणि १० अब्ज डॉलर उभे केले. योजनेची किंमत अशी वाढली, तरी बिझनेसच्या जागा तेवढ्याच. कॅनडातल्या कंपनीने तर योजना वेगळी काढून २००५मध्ये शेअर बाजारात आणली. विमानातल्या जागा योजनेला कंपनीकडून ठरल्या दराने विकत घ्याव्या लागत. २०१९मध्ये ती योजना परत विकत घेतली गेली.

हिशेबाच्या नियमांनीही दिशा दिली. काही कंपन्या पूर्वी माइल्सचं देणं फक्त वाढीव खर्चाने, म्हणजे जेवण-इंधनाने, दाखवत. १ जानेवारी २०१८पासून लागू झालेल्या नव्या महसूल मानकांनी ते बंद केलं. माइल्सची विक्रीकिंमत देणं म्हणून धरावी लागते आणि वटवल्यावरच ती उत्पन्न होते. तेव्हा वटवणूक कंपनीला नकोशी राहिली नाही, पण ती स्वस्त ठिकाणी व्हावी हे मात्र हवं झालं. हॉटेल, वस्तू आणि इकॉनॉमीकडे सभासद वळवण्याचा जोर तिथून येतो.

अलीकडचा बदल म्हणजे मर्यादेचं रूपच बदललं. एका अमेरिकी कंपनीने २०१५च्या फेब्रुवारीत अवॉर्डचा तक्ता, म्हणजे कुठल्या प्रवासाला किती माइल्स याची ठरलेली यादी, काढून टाकला, दुसरीने २०१९च्या नोव्हेंबरमध्ये, तिसरीने २०२३मध्ये. आता स्वतःच्या सभासदाला बहुतेक फ्लाइटवर बिझनेसची जागा 'मिळते', फक्त कधी ६० हजार माइल्सना तर कधी ३ लाखांना. 'एकही ब्लॅकआउट तारीख नाही' ही जाहिरात यामुळे शब्दशः खरी असते. भागीदारांसाठी मात्र जुनाच ठरावीक दर आणि जुनाच 'आय' खाना आहे, आणि तो पूर्वीपेक्षा अधिक कडक, कारण हीच जागा आता स्वतःच्या सभासदाला ३ लाखांना देता येते. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकी सरकारच्या वाहतूक खात्याने चार सर्वांत मोठ्या कंपन्यांकडून या योजनांची माहिती मागवली. त्यात माइल्सचं घटतं मूल्य आणि छुपे किंवा बदलते दर हे मुद्दे होते. कमावलेल्या माइल्सना मागे जाऊन नियम लावावेत का, हा १९८८चा प्रश्न त्या यादीत वेगळ्या नावाने पुन्हा आला आहे.