जायबंदी कामगार आणि कामावरील भेदभाव

कामावर इजा झाली किंवा तिची भरपाई मागितली म्हणून कामगाराला कमी करणे, खालच्या पगारावर आणणे किंवा फिटनेस सर्टिफिकेट आणूनही गेटवर ताटकळत ठेवणे, हा कामावरील भेदभाव होय. सांगली जिल्ह्यात कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतील वर्कशॉप, विट्याचे यंत्रमाग आणि साखर कारखाने ही अशा तक्रारींची ठिकाणे. लेखी हुकूम क्वचितच निघतो. ‘तुला आता प्रेस मशीन जमायची नाही, बरं वाटलं की ये,’ एवढ्यावर काम भागते. ठेकेदाराच्या माणसाचे तर पुढच्या महिन्यात हजेरीपटावर नावच नसते.

भरपाईचा हिशेब मात्र काटेकोर आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एकेका बोटाचा भाव ठरलेला होता: पूर्ण तर्जनी १४ टक्के, अंगठा ३० टक्के. तिशीच्या ऑपरेटरचा पगार १५,००० रुपये असेल, तर त्याच्या ६० टक्क्यांना वयाच्या २०७.९८ या गुणकाने गुणायचे आणि त्याचे १४ टक्के काढायचे. तर्जनीचे सुमारे २ लाख ६२ हजार रुपये होतात. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक जबाबदार. दाव्याची मुदत दोन वर्षे. पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होत असेल, तर मालकाकडून ही रक्कम मागता येत नाही. लाभ विमा महामंडळ देते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नुकसानभरपाई आणि ईएसआय हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले.

बोटाचा भाव ठरला, नोकरीचा नाही. एसटीचा चालक अपघाताने अपंग झाला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार त्याला काढता येत नाही. त्याच पगारश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तचे जादा पद तयार करावे लागते. हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. कुपवाडच्या खासगी शेडमधला प्रेस ऑपरेटर त्यात बसत नाही. ईएसआय कायद्याचे कलम ७३ तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असेपर्यंत बडतर्फी रोखत असे. लाभ थांबला की तेही संपे. सूडबुद्धीने काढल्याची तक्रार राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात बसते, पण त्यासाठी मुदत ९० दिवसांची. टाके सुकून फिजिओथेरपी संपेपर्यंत ती बहुधा उलटलेली असते.

कामगार न्यायालयात गाडी अडते ती दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर. हाताला फडके गुंडाळून सुपरवायझरच्या मोटारसायकलवर आलेला कामगार सोबतच्याच्या सांगण्यावरून ‘घरी दारात बोट सापडलं’ असे लिहून देतो. पुढे उलटतपासणीत वकील तोच कागद त्याच्यापुढे धरतो.