‘बघतो’ म्हणजे नेमकं काय बघतो? मंडळाचं काम आणि चिटणीसाचं काम

बेळगावच्या आसपास कुठल्याही गावात विचारा, "वाचनालयाचं कोण बघतं?" उत्तर येतं, "चिटणीस बघतात की." चिटणीसांना विचारा, "मग ती ठेव कुणाला विचारून मोडली?" ते म्हणतात, "मंडळ बघतंय न्हवं!" मराठीतलं हे ‘बघणं’ मोठं लबाड आहे. दुकान बघणं म्हणजे चालवणं, आणि पोरं अभ्यास करतात का हे बघणं म्हणजे नजर ठेवणं. संस्थेत दोन्ही बघणी लागतात, पण ती एकाच माणसाकडं गेली की नजर ठेवायला कुणी उरत नाही.

चिटणीसानं हाकायचं असतं: पेपरवाल्याचं बिल, वर्गणीच्या पावत्या, ग्रंथपालाचा पगार, कपाटाला लागलेली वाळवी. संस्था कशासाठी आहे, पैसा कुठून येतो, कुठं जातो आणि तीन वर्षांनी आपण कुठं असणार, हे मंडळानं बघायचं. सांगायला सोपं आहे. आमच्याच एका सभेत काय झालं ते सांगतो. वर्धापनदिनाच्या खुर्च्या शहापूरच्या मांडववाल्याकडून आणाव्यात की वडगावच्या, यावर पाऊण तास गेला. चिवडा संपला, दुसरा चहा आला. मग ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून ठेव नव्यानं गुंतवण्याचा ठराव आला आणि दोन मिनिटांत ‘सर्वानुमते मंजूर’ झाला. खुर्च्या चिटणीसावर सोडायच्या होत्या आणि ठेवीवर पाऊण तास घालवायचा होता. आम्ही नेमकं उलटं केलं, आणि त्या सर्वानुमतेत मीही होतो.

कायद्याला हा फरक नीट कळतो. कर्नाटकात सोसायटी, म्हणजे आमच्या वाचनालयासारखी संस्था, नोंदते ती १९६० च्या नोंदणी कायद्याखाली, सहकार खात्याच्या जिल्हा नोंदणी अधिकाऱ्याकडं. (म्हणून लोक तिची पतसंस्थेशी गल्लत करतात, ती गोष्ट वेगळी.) सोसायटी काढायला किमान सात माणसं लागतात. १९१६ साली बेळगावात केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली तेही सात शिक्षकच होते, सप्तर्षी म्हणतात त्यांना. आमच्याकडं बहुतेक ठिकाणी कागदावर सात ऋषी आणि राबणारा एकटा. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची आणि नंतर १४ दिवसांत ताळेबंद नि पदाधिकाऱ्यांची यादी दाखल करायची. कागद नेऊन देणं चिटणीसाचं काम. तो खरोखर गेला का, हे विचारणं मंडळाचं. कारभार अगदीच बिघडला तर सरकार प्रशासक नेमू शकतं, आणि तेव्हा चिटणीसाबरोबर अख्खं मंडळ घरी बसतं.

सीमाभागात या गोंधळाला आणखी एक पदर आहे, तो पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला दिसत नाही. आमचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या नोंदींची वही, मराठीत आणि नोंदणी कचेरीतून येणारं पत्र कन्नडात. मंडळात कन्नड सराईतपणे वाचणारा बहुधा एकच असतो, त्यामुळं तोच चिटणीस होतो आणि पुढं वीस वर्षं तोच राहतो. माणूस वाईट असतो असं मुळीच नाही. पण पत्रात काय आहे हे बाकीच्यांना तो सांगेल तेवढंच कळतं. नजर ठेवणाऱ्याला वाचताच येत नसेल तर तो सहीपुरता उरतो. कोऱ्या चेकांवर आगाऊ सह्या करून ठेवायची पद्धत इथूनच येते: "गावाला चाललोय, दहा पानांवर करून ठेवा."

नियोजनाचंही तसंच. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा... गावोगाव साहित्य संमेलनं भरवणारी माणसं आपण. ग्रंथदिंडी कुठून निघेल, हजार पानं कशी उठतील, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मात्र ती एका दिवसाची आखणी, हाकणाऱ्याच्या कामातली. संस्थेची आखणी वेगळी, आणि ती टाळली तर पैशात चटका बसतो. धर्मादाय म्हणून आयकराची नोंदणी (लोक जिला ‘१२ए’ म्हणतात) असलेल्या संस्थेला सवलत हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशासाठी खर्ची पडावे लागतात. त्याहून कमी खर्च झाला तर उरलेली रक्कम पाच वर्षांपर्यंत साठवता येते, पण कशासाठी साठवतो ते ठरवून, ठरलेला फॉर्म मुदतीत भरून. हे ‘कशासाठी’ ऑडिटर ठरवत नाही, चिटणीसही नाही. नवी इमारत की मुलांसाठी अभ्यासिका, ते मंडळानं बसून ठरवायचं आणि ठराव लिहायचा. पैसा कुठं ठेवता येतो याचीही आयकर कायद्यात यादी आहे. अर्धा टक्का जास्त व्याज म्हणून गल्लीतल्या पतसंस्थेत टाकण्याआधी ती बघावी.

उलट टोकही बघितलंय. नजर ठेवायची म्हणून अध्यक्ष रोज संध्याकाळी येऊन ग्रंथपाल बाईंना पुस्तकं कशी लावायची ते शिकवायचे. सहा महिन्यांत बाईंनी काम सोडलं.

आमच्याकडं अलीकडं दोन गोष्टी बदलल्या. ठेवी आणि हिशेब सभेत पहिला विषय, खुर्च्या शेवटी. आणि कचेरीचं प्रत्येक पत्र सभेत मोठ्यानं वाचायचं, लगेच मराठीत सांगायचं. हे काम कॉलेजात शिकणाऱ्या एका सभासद मुलीला दिलं. पहिलंच पत्र तिनं वाचलं ते पदाधिकाऱ्यांच्या यादीबद्दल होतं. सोबत जोडलेली यादीही वाचली. अध्यक्ष म्हणून त्यात ज्यांचं नाव होतं, त्यांचा फोटो आमच्या डोक्यावर भिंतीला होता, हार घातलेला.

चिटणीस म्हणाले, "राहून गेलं बघा." कुणी काहीच बोललं नाही, कारण त्या यादीबद्दल इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.