निर्जंतुकीकरण उपपदार्थ (पेयजलातील)

पेयजलातील रोगजंतू मारण्यासाठी घातलेल्या क्लोरीनची पाण्यात आधीच विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी विक्रिया होऊन बनणारी संयुगे. ट्रायहॅलोमिथेने (क्लोरोफॉर्म, ब्रोमोफॉर्म व दोन मिश्र संयुगे) आणि हॅलोॲसेटिक आम्ले हे त्यांतील मुख्य गट. इतर निर्जंतुकांपासूनही उपपदार्थ बनतात : ओझोनपासून ब्रोमेट, तर क्लोरीन डायऑक्साइडपासून क्लोराइट संभवते.

शोधाचे श्रेय सामान्यतः रॉटरडॅमचे रसायनज्ञ योहानेस रूक यांना देतात (१९७४). त्याच वर्षी बेलर, लिख्टेनबर्ग व क्रोनर यांनीही अमेरिकेत असेच निष्कर्ष मांडले. मात्र कारणमीमांसेत रूक यांचे काम अधिक मूलगामी दिसते. क्लोरोफॉर्म कारखान्यांच्या सांडपाण्यातून न येता कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्युमिक द्रव्यांपासून शुद्धीकरणातच बनते, असे त्यांनी दाखवले. ब्रोमीनयुक्त संयुगांचे मूळ त्यांनी पाण्यातील ब्रोमाइडात शोधले. पुढे ह्युमिक द्रव्यांतील रिसॉर्सिनॉलसारख्या वलयांवर (कार्बन अणूंच्या कड्यासारख्या रचनांवर) त्यांनी बोट ठेवले. ही वलये महत्त्वाची खरी, पण एकमेव उगम नव्हेत.

क्लोरोफॉर्म मोठ्या मात्रेत दिल्यास उंदरांना कर्करोग होतो, असे १९७६ मध्ये आढळले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते २ब गटात (मानवात संभाव्य कर्कजनक) घातले. क्लोरीनयुक्त पेयजल मात्र १९९१ मध्ये ‘वर्गीकरण अशक्य’ अशा ३ऱ्या गटात ठेवले. मानवी पाहण्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध त्यातल्या त्यात सातत्याने दिसतो, पण नेमके कोणते संयुग जबाबदार हे ठरलेले नाही. ही संयुगे केवळ पिण्यातून नव्हे, तर गरम पाण्याच्या अंघोळीत वाफेतून व त्वचेतूनही शरीरात जातात.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिग्रॅ. आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत टाकीत टीसीएल पावडर (क्लोरीन देणारे विरंजक चूर्ण) टाकल्यावर नळाच्या पाण्याची ‘ओटी’ (ऑर्थोटोलिडिन चाचणी) घेतात. पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे एवढेच कळते; उपपदार्थ त्यात दिसत नाहीत, त्यासाठी वायू वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) लागते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात थेट टीसीएल वाढवणे दुहेरी तोट्याचे : क्लोरीन सेंद्रिय द्रव्यांतच खर्ची पडते आणि उपपदार्थही वाढतात. आधी तुरटीने गाळ बसवून पाणी गाळल्यास बरीचशी सेंद्रिय द्रव्ये निघून जातात.

उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीन थांबवल्यामुळे १९९१ मध्ये पेरूत पटकी पसरली, हे बहुचर्चित विधान नंतरच्या अभ्यासकांना अतिसरळ वाटते; तेथील अनेक ठिकाणी मुळातच पुरेसे क्लोरीन घातले जात नव्हते. उपपदार्थ घटवताना निर्जंतुकीकरणात कसूर नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र निर्विवाद आहे.