सूक्ष्मदर्शक लेवेनहुकने शोधला नव्हता

‘सूक्ष्मदर्शकाचा शोध लेवेनहुकने लावला’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. साफ चूक आहे. १६३२मध्ये तो जन्मला, त्याआधीच युरोपात दोन भिंगांचे सूक्ष्मदर्शक आले होते. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने तर १६६५मध्ये सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या बुरशीचं चित्रही छापलं.

मग नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या या कापड व्यापाऱ्याचं, लेवेनहुकचं, श्रेय काय? त्याचं उपकरण म्हणजे धातूच्या पट्टीत बसवलेलं इवलंसं एकच भिंग. नमुना सुईच्या टोकावर, पट्टी थेट डोळ्याशी. पण भिंग इतकं सफाईदार, की त्यातून जिवाणू दिसले. आजवर टिकलेल्या एका भिंगाची ताकद सुमारे २७० पट भरते! १६७६मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला हे कळवलं, तर तिथे अनेकांना पटेना. पुढच्या वर्षी हुकनेच खात्री करून दिली. आपली सर्वोत्तम भिंगं कशी केली, हे मात्र लेवेनहुकने गुपितच ठेवलं.